कोठार, कढई आणि आश्रयगृह : कैसरियाच्या संत बासिलांचा दयाधर्म

विश्वास आणि कृती ह्यांच्या परस्परसंबंधाविषयी आपण व्यासपीठावरून पुष्कळदा बोलतो. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय एका हाती आणि पौलाची रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेली पत्रे दुसऱ्या हाती घेऊन त्यांचा मेळ घालण्याचा अभ्यास धर्मशिक्षणाच्या वर्गांतूनही चालत आला आहे. हा अभ्यास आवश्यकच आहे. परंतु चौथ्या शतकातील एका सेवकाने ह्याच प्रश्नाचे उत्तर दुष्काळात अन्न शिजवून दिले, आणि पुढे पाऊस पडल्यावरही तो चुलीपासून दूर झाला नाही. त्या उत्तराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कैसरिया म्हणताच आपणांस कर्नेल्य शताधिपतीचे नगर आठवते. पण ते पॅलेस्टाईनच्या समुद्रकिनाऱ्यावरचे. येथे अभिप्रेत असलेले कैसरिया कप्पदुकिया प्रांताचे मुख्य नगर होते. आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी ते हेच. पेत्राचे पहिले पत्र ज्या प्रांतांतील विश्वासणाऱ्यांना उद्देशून आहे, त्यांत कप्पदुकियाचे नाव येते. ह्या नगरात इ. स. ३३० च्या सुमारास एका धनवान जमीनदार ख्रिस्ती घराण्यात बासिल जन्मास आले. अथेन्स येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. नाझियांझसचे ग्रेगरी हे त्यांचे तेथील सहाध्यायी व जिवलग मित्र. वक्तृत्वकलेत नाव मिळण्याची वेळ आली असता, थोरली बहीण माक्रिना हिच्या प्रभावाने त्यांचे मन पालटले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ईजिप्त व सिरिया येथील तपस्व्यांच्या भेटी घेतल्या आणि पाँटस प्रांतातील नदीकाठी काही काळ एकांतवास केला. पुढे ते कैसरियाच्या मंडळीत वडील म्हणून सेवा करू लागले.

इ. स. ३६८-३६९ मध्ये ह्या प्रदेशावर दुष्काळ कोसळला. हिवाळा कोरडा गेला, वसंतातही पाऊस झाला नाही. नद्या इतक्या आटल्या की लहान मुलेही त्या पायी ओलांडू लागली. कैसरिया समुद्रापासून दूर असल्यामुळे बाहेरून धान्य आणणे दुर्घट होते. ज्यांच्या वखारी भरलेल्या होत्या ते भाव आणखी चढण्याची वाट पाहत बसले. बासिल तेव्हा बिशप झालेले नव्हते. सत्तेचे साधन हाती नसलेल्या ह्या सेवकाने प्रथम व्यासपीठाचा उपयोग केला.

त्या काळाशी निगडित असलेली त्यांची प्रवचने आजही उपलब्ध आहेत. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील, कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानावर बोलताना त्यांनी श्रोत्यांपुढे एक बाप उभा केला आहे. घरात दाणा नाही. एक मूल विकून बाकीच्यांना जगवावे, तर कोणते विकावे, ह्या विवंचनेत तो आहे. आणि त्याच वेळी धान्याचा धनी भावासाठी घासाघीस करीत आहे. गरजेपेक्षा अधिक जे आपण साठवितो ते गरजवंताचेच असते, ते अडवून ठेवणे हा त्याच्यावर केलेला अन्याय होय, असे बासिलांचे स्पष्ट प्रतिपादन होते. दुष्काळावरील प्रवचनात त्यांनी दुसरी एक विसंगती दाखविली. पावसासाठी प्रार्थना ठेवली, तर शाळा सुटल्याच्या आनंदात मुले तेवढी आली; ज्यांच्या पापांमुळे पश्चात्तापाची वेळ आली ते मोठे लोक मात्र आपापल्या धंद्यात गुंतलेले होते. हे चित्र कोणत्याही पाळकास अपरिचित वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

नुसत्या उपदेशावर ते थांबले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर ग्रेगरींनी केलेल्या स्मरणपर भाषणात पुढील हकीकत आली आहे. प्रवचनांनी धनिकांची कोठारे उघडली. मग बासिलांनी भुकेलेल्या स्त्री-पुरुषांना, मुलांना व वृद्धांना एकत्र जमविले, कडधान्याच्या व खारविलेल्या पदार्थांच्या कढया भरविल्या आणि कमरेस वस्त्र गुंडाळून शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे अनुकरण करीत, आपल्या सेवकांसह स्वतः वाढले. ग्रेगरी त्यांची तुलना ईजिप्तमधील योसेफाशी करतात, पण एक भेदही नोंदवितात : बासिलांच्या अन्नदानात कसलाही लाभ साधावयाचा नव्हता.

आमच्या मते बासिलांचे खरे मोठेपण ह्यापुढे दिसते. संकटकाळी दया उफाळून येते आणि संकट सरताच ओसरते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. इ. स. ३७० मध्ये बिशप झाल्यावर बासिलांनी त्या दयेला कायमचे घर दिले. नगराबाहेर प्रार्थनामंदिराभोवती त्यांनी एक वसाहत उभारली. तीत वाटसरूंसाठी निवास, आजाऱ्यांसाठी वैद्य व परिचारक, ओझ्याची जनावरे आणि निरनिराळ्या हस्तव्यवसायांसाठी जागा होती. ह्या बांधकामाविरुद्ध प्रांताधिकारी एलियास ह्यांचे कान भरण्यात आले, तेव्हा त्यांना लिहिलेल्या पत्रात बासिलांनी स्वतःच हा तपशील देऊन विचारले आहे की ह्यात राज्याची हानी ती कोणती? समाजाने हाकलून दिलेल्या महारोग्यांनाही आश्रय मिळाला, आणि थोर कुळातील हा बिशप त्यांना बंधू म्हणून आलिंगन देत असे, असे ग्रेगरी सांगतात. पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन ह्यांच्या काळी हे स्थान बासिलांच्याच नावाने ओळखले जात होते.

ह्या कार्यामागील विचार त्यांच्या मठनियमांत सापडतो. एकट्याने राहणाऱ्याने पाय धुवावेत तरी कोणाचे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रार्थनेची सबब सांगून काम टाळू नये, आणि श्रमाचे फळ गरजवंताच्या उपयोगी पडावे, अशीही त्यांची शिकवण आहे. पंधराव्या स्तोत्रावर बोलताना त्यांनी सावकाराचे जे वर्णन केले आहे ते आपल्या गावांत सहज ओळखता येईल : प्रथम तो पैसे नाहीत म्हणून शपथा घेतो, पण व्याज व गहाण ही नावे निघताच हसून वडिलार्जित स्नेहाची आठवण काढतो. कर्ज, मजुरी, धान्याचा भाव हे विषय बासिलांनी कधी व्यासपीठाबाहेरचे मानले नाहीत.

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाशी ह्याचा निकटचा संबंध आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून निराधार मुली आणून त्यांना केडगावी आश्रय दिला. त्या दुष्काळांत ज्यांना प्रथम भाकरी व नंतर शुभवर्तमान मिळाले, अशांचे वंशज आपल्या बाकांवर बसतात. भाकरी हे बाप्तिस्म्याचे मोल होते, हा आरोपही त्यामुळेच आपण ऐकत आलो आहोत. तो ऐकून केवळ रागावणे योग्य नव्हे; काही ठिकाणी सेवकांचे हेतू मिश्र असतील हे नम्रपणे मान्य केले पाहिजे. ग्रेगरींनी योसेफाच्या तुलनेत दाखविलेला भेद आपली कसोटी ठरावा. ज्या अन्नदानातून आपल्याला काहीच मिळवावयाचे नसते, त्याची साक्ष निर्मळ राहते.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. आश्रयगृह उभे राहिले म्हणजे कढई दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा मोह होतो. रुग्णालय आहे, वसतिगृह आहे, समिती आहे; मग पाळकाने आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे कारण काय, असे कोणी उघड म्हणत नाही, पण हळूहळू तसे घडते. बासिलांनी संस्था उभारली, तरी महारोग्याला कवटाळणारे हात त्यांनी स्वतःचेच ठेवले. म्हणून येत्या रविवारी दयेवर बोलण्यापूर्वी आपण सेवकांनी, ह्या आठवड्यात आपल्या वस्तीतील कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. मग प्रवचनात काय सांगावयाचे ते शोधावे लागणार नाही. त्या घराचा उंबरठा ओलांडण्याची नम्रता प्रभू आपणां सर्वांस देवो.