सिराजचा तकिया, शफीकची वही

अठराव्या शतकातल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दर आठवड्याला एका फकिराच्या राहत्या जागी माणसे जमत. या जागेला तकिया म्हणत. मराठी कानांना हा शब्द उशी-लोडाचा वाटेल, पण इथे तो फकिराच्या वस्तीसाठी आहे. हा फकीर म्हणजे कवी सिराज औरंगाबादी. त्याच्याकडे समा चाले, म्हणजे सूफींचे गाणे, आणि ऐकायला शहरातले जाणकार येऊन बसत. आज घरच्या दिवाणखान्यात दहाबारा जण जमवून कवितावाचन करणाऱ्या छत्रपती संभाजीनगरकरांचा हा जुना पूर्वज.

तरुणपणी सिराज भान हरपल्यासारखा हिंडत असे. अशी सात वर्षे गेली. खुलताबादला बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती तो रात्री काढी आणि तोंडून फारसी शेर बाहेर पडत. ते कुणी टिपून घेतले नाहीत, म्हणून गेले. पुढे तो रेख्त्यात, म्हणजे उर्दूच्या त्या काळच्या रूपात लिहू लागला, तेव्हा मात्र अब्दुर रसूल खान हा गुरुबंधू शेजारी होता. त्याने गझला गोळा करून दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, सिद्ध केला. सिराजने पीराच्या सांगण्यावरून कविता जवळजवळ थांबवली, तीही याच सुमारास, 1740 च्या आसपास. मित्राने वेळेवर कागद हाती घेतला नसता, तर उर्दूतला हा मोठा कवी आपल्याला केवळ आख्यायिका म्हणून भेटला असता.

कवितेच्या बैठकांची एक शिस्त असे. उर्दू मुशायऱ्यांत ‘तरह’ देण्याची रीत आहे: एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, आधीच ठरवून द्यायची आणि प्रत्येकाने त्याच वृत्तात, त्याच यमकाने आपली गझल रचून आणायची. बंधन सगळ्यांना सारखे, त्यामुळे कुणाची कल्पना कुठवर पोचली ते लगेच कळते. शिष्याची रचना उस्ताद दुरुस्त करी. त्याला ‘इस्लाह’ म्हणत. एखादा शब्द हलवला की शेर कसा उभा राहतो, हे समोर बसूनच शिकता येते.

उस्ताद आणि शिष्याची अशीच एक जोडी या शहराने पाहिली. आझाद बिलग्रामी हे उत्तरेकडचे विद्वान. पाणचक्कीजवळच्या बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात ते सात वर्षे राहिले. त्यांचा शिष्य लछमीनारायण शफीक हा औरंगाबादेत जन्मलेला खत्री, वडील निजामाच्या दरबारी. अरबी-फारसीत लिहिणारा मुसलमान गुरू आणि हिंदू शिष्य हे तेव्हा कुणाला अपूर्वाईचे वाटत नसावे. या शिष्याने वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, 1761–62 मध्ये, ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हा कवींचा परिचयग्रंथ लिहून काढला. मैफलीत ऐकलेली, माणसांच्या तोंडी फिरणारी कविता त्याने नावानिशी बांधून ठेवली. पुढे मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिणाराही हाच.

1763 मध्ये निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली. त्याच सुमारास सिराज वारला. दरबार हलला की कवींचा आश्रयही हलतो. पण शफीकची वही उरली होती. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार औरंगाबादेतून चालवला आणि 1928 मध्ये हा ग्रंथ इथूनच छापून काढला. लिहिल्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली होती.

बैठक आणि वही यांच्या या जोडीला जवळची गोष्ट मराठीत याच शहरात पुढे घडली, ती नागसेनवनात. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात विद्यार्थी-प्राध्यापक दलित साहित्याविषयी बोलत, वाद घालत. प्राचार्य म. ना. वानखेडे यांच्या पुढाकाराने 1967 मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. त्याचेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. गंगाधर पानतावणे यांनी ते त्रैमासिक सुमारे अर्धशतक चालवले. छापील पानावर ज्यांना जागा नव्हती, त्यांचे हस्तलिखित वाचायचे, कळवायचे, छापायचे, हे काम त्यांनी नेमाने केले. त्याच्या जोडीला अस्मितादर्श मेळावे भरत. गावोगावचे लिहिते हात तिथे एकमेकांना पहिल्यांदा भेटत. पानतावणे यांना 2018 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी 27 मार्चला ते गेले. तोवर संपादन त्यांनी सोडलेले नव्हते.