ग्राफिक्स कार्ड निवडताना

दहावी-बारावीचा निकाल लागला, की अनेक घरांत नव्या संगणकाची चर्चा सुरू होते. निमित्त अभ्यासाचे असले, तरी मुलांच्या मनात गेम असतात, हे आईवडीलही ओळखून असतात. मग लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या एखाद्या दुकानात जाऊन कोटेशन घेतले जाते. गेमिंगसाठी जोडल्या जाणाऱ्या संगणकाच्या कोटेशनमधील सर्वांत मोठा आकडा बहुधा ग्राफिक्स कार्डचा असतो आणि फसगत होण्याची शक्यताही त्याच ओळीत सर्वाधिक असते. कारण कार्ड नावावर विकले जाते आणि नाव सगळेच सांगत नाही.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर गुंतागुंतीची कामे थोड्याशा केंद्रांतून करतो. ग्राफिक्स कार्डवरील चिप, म्हणजे जीपीयू, एकाच प्रकारची लहान लहान गणिते हजारो केंद्रांतून एकाच वेळी करते. हा शब्द एनव्हिडियाने १९९९ साली जीफोर्स २५६ या कार्डाच्या जाहिरातीतून रूढ केला. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले आणि २०२२ मध्ये इंटेलनेही आर्क ही मालिका आणली. गेमिंगच्या कार्डांवरील चिप प्रामुख्याने याच तीन कंपन्यांच्या असतात. असूस, गिगाबाइट, एमएसआय ही खोक्यावरील नावे ती चिप बसवून, पंखे लावून कार्ड तयार करणाऱ्यांची. एकाच चिपच्या साध्या आणि महागड्या आवृत्तीत गेमच्या वेगाचा फरक सहसा नगण्य असतो. रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेवढ्यात वरच्या पायरीची चिप मिळते का, ते आधी पाहावे.

निवडीची सुरुवात मात्र कार्डापासून नव्हे, मॉनिटरपासून करावी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० ओळींच्या पडद्यावर ३६.९ लाख, तर फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर एवढे सारे ठिपके दर वेळी १६.७ मिलिसेकंदांत रंगवावे लागतात. म्हणजे फुल एचडीवर छान चालणाऱ्या कार्डावर फोर-केमध्ये चौपट भार येतो. घरात फुल एचडी मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर सर्वांत महागडे कार्ड घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. गेम कोणते, हेही महत्त्वाचे. व्हॅलोरंटसारख्या स्पर्धात्मक खेळांना साधे कार्डही पुरते. सायबरपंक २०७७ किंवा ॲलन वेक २ यांची भूक वेगळीच आहे.

आता नावाविषयी. आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबी मेमरीसह आले. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे कार्ड आले. फरक फक्त २ जीबीचा, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात नव्या कार्डात गणन-केंद्रे २५६० वरून २३०४ वर आली होती आणि मेमरीचा वेगही घटला होता. त्याला स्वतंत्र वीज-जोडणी लागत नाही, हा गुण खरा. पण ते दुसरेच कार्ड आहे. २०१६ च्या जीटीएक्स १०६० चीही हीच कथा. तिथे ३ आणि ६ जीबीच्या कार्डांत चिपची ताकदही वेगळी होती. ही चलाखी जुनीच आहे. २००२ चे जीफोर्स ४ एमएक्स नावाने नवे असले, तरी २००१ च्या जीफोर्स ३ मधील महत्त्वाच्या सोयी त्यात नव्हत्या.

उलट, काही वेळा चिप एकच असते आणि खरा फरक मेमरीतच असतो. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत निघाली. गेममधील भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रे कार्डाच्या मेमरीत साठवली जातात. ती भरली, की उरलेले सामान संगणकाच्या रॅममधून आणावे लागते. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने माहिती पुरवते. मदरबोर्डच्या वाटेने मात्र एका दिशेला जेमतेम ३२ जीबीच येऊ शकतात, तेही मदरबोर्ड नव्या पिढीचा असेल तर. मग सरासरी वेग चांगला दिसला, तरी खेळ मध्येच अडखळतो. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या २०२४ च्या गेमची किमान अपेक्षाच ८ जीबीची आहे. तेव्हा चार-पाच वर्षे वापरण्यासाठी आज कार्ड घेताना ८ जीबीवर समाधान मानू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बजेट कमी असेल, तर इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० हाही पर्याय पाहण्याजोगा आहे. अर्थात नुसत्या जीबीवरही भुलू नये. ४ जीबीची जीटी ७३० कार्डे वर्षानुवर्षे ‘गेमिंग’ म्हणून विकली गेली. तिथे मेमरी भरपूर, पण चिपमध्येच दम नव्हता.

खोक्यावर सेकंदाला दोनशे चित्रांचे दावे दिसतात, तेही तपासून घ्यावेत. डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस ही तंत्रे कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते मोठे करतात आणि हे काम ती बरेच चांगले करतात. पण त्यांच्या ‘फ्रेम जनरेशन’ सोयीत दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रे कार्ड अंदाजाने भरते. चित्र गुळगुळीत दिसते. माउस हलवल्यावरचा प्रतिसाद त्याने सुधारत नाही. तुलना नेहमी या सोयीशिवायच्या आकड्यांची करावी.

दुकानातील कोटेशनमध्ये काटकसरीची कात्री बहुधा एसएमपीएसवर चालते, आणि ती सर्वांत चुकीच्या जागी चालते. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉट देतो, बाकीची वीज थेट एसएमपीएसकडून येते. ५०६० टीआयला १८० वॉट लागतात आणि कंपनी एकूण ६०० वॉटच्या एसएमपीएसची शिफारस करते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या डब्यावर हा भार टाकू नये. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, हे मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावे. समोरून हवा आत येण्यास जाळी असावी. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद काचेच्या कॅबिनेटमधील कार्ड तापले, की स्वतःच वेग कमी करते.

जुने कार्ड स्वस्त मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर तशी कार्डे बाजारात मोठ्या प्रमाणावर आली. एकेकाळचे दिमाखदार, ११ जीबीचे जीटीएक्स १०८० टीआय आजही मोह पाडते. परंतु त्यात रे ट्रेसिंगची यंत्रणा नसल्याने वर उल्लेखिलेला इंडियाना जोन्सचा खेळ किंवा २०२५ चा डूम: द डार्क एजेस त्यावर चालत नाही आणि ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हरही मिळत नाहीत.

येथे रुपयांतील किमती मुद्दामच दिलेल्या नाहीत. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्यापासून आठवड्याभरापूर्वीचे कोटेशनही जुने ठरू शकते. दोन-तीन दुकानांतील भाव त्याच दिवशी, १८ टक्के जीएसटी धरून विचारावेत. बिलावर चिपचे पूर्ण नाव, मेमरी आणि कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा; वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो. संगणक घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, तर कार्डालाच जोडलेली आहे ना, हे पाहावे. ती चुकीच्या जागी लावून ‘कार्ड खराब निघाले’ म्हणत दुकानात परत येणारे ग्राहक कमी नाहीत.