‘कॅन’ आणि ‘कुड’: सामर्थ्यवाचक रूपांचा इतिहास

इंग्रजीत वर्तमानकालीन सामर्थ्य ‘कॅन’ या सहायक क्रियापदाने व भूतकालीन सामर्थ्य ‘कुड’ या त्याच्या रूपाने व्यक्त होते, असे शालेय व्याकरणे सांगतात. परंतु गतकाळी एखाद्या प्रसंगी प्रत्यक्ष तडीस गेलेली कृती सांगावयाची असता होकारार्थी वाक्यात ‘कुड’ सहसा चालत नाही. तेथे ‘वॉज एबल टू’ ही रचना योजावी लागते. हा नियम वरवर पाहता लहरी वाटतो. त्याचे बीज या रूपांच्या इतिहासात आहे.

‘कॅन’चे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘कुन्नन्’ हे क्रियापद होय. त्याचा अर्थ ‘जाणणे’. संस्कृत ‘ज्ञा’ आणि लॅटिन ‘नोस्केरे’ हे त्याचेच सगोत्र होत. जर्मानिक भाषांत या वर्गातील क्रियापदांची वर्तमानकाळाची रूपे मूळच्या पूर्णकालवाचक रूपांपासून आलेली आहेत. म्हणूनच ‘कॅन’ला तृतीयपुरुषी एकवचनी ‘स’ प्रत्यय लागत नाही. शारीरिक बळ दर्शविण्याचे काम त्या काळी मुख्यतः ‘मागन्’, म्हणजे आजचे ‘मे’, हे क्रियापद करीत असे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘कॅन’ने ज्ञानापासून कौशल्याकडे व कौशल्यापासून सर्वसामान्य सामर्थ्याकडे वाटचाल केली आणि ‘मे’ हळूहळू अनुज्ञा व संभाव्यता यांपुरते उरले. चॉसरच्या (मृत्यू १४००) भाषेत ‘कॅन’ अद्याप ‘जाणणे’ या अर्थी सकर्मक येते. ‘मला संस्कृत येते’ या मराठी वाक्यातही ज्ञान आणि सामर्थ्य असेच एकरूप झालेले आहे.

‘कुड’ हे मूळचे ‘कूदे’. त्याच्या आजच्या लेखनात दिसणारा ‘ल’ व्युत्पत्तिसिद्ध नाही. ‘शुड’ व ‘वुड’ यांच्या लेखनातील ‘ल’ मूळचा आहे. त्यांच्या सादृश्याने तो मध्ययुगाच्या अखेरीस ‘कुड’मध्ये शिरला. जुन्या धातुसाधिताचा अवशेष ‘अन्कूथ’ या शब्दात टिकला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘अज्ञात’ असा होता. ‘असंस्कृत’ हा अर्थ मागाहून आला.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. प्राचीन इंग्रजीत ‘कूदे’ हे एकवचनी रूप निश्चयार्थी भूतकाळाचे होते, तसेच संकेतार्थाचेही होते. अनेकवचनातील भेदही अंत्य स्वर क्षीण झाल्यावर मावळला. त्यामुळे ‘कुड’ एकीकडे ‘शकत असे’ आणि दुसरीकडे ‘शकला असता’ किंवा ‘शकेल’ अशा दोन्ही अर्थांचे वाहन बनले. अशा संदिग्ध रूपाने कार्यसिद्धीची ग्वाही देता येत नाही. शिवाय ‘कॅन’चे भाववाचक रूप प्रमाणभाषेतून लुप्त झाल्याने भविष्यकाळ व पूर्णकाळ यांसाठी पर्यायी रचना आवश्यक झाली. लॅटिन ‘हाबिलिस’पासून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘एबल’ने ती उणीव भरून काढली, आणि सिद्ध कृतीचे कामही तिच्याकडे आले.

या नियमाचे अपवादही याच दिशेने उलगडतात. नकारात सामर्थ्यच नाकारले जात असल्याने कृतीही आपोआप नाकारली जाते. म्हणून तेथे ‘कुड नॉट’ निर्वेध चालते. पाहणे, ऐकणे या इंद्रियज्ञानवाचक क्रियापदांत शक्यता आणि अनुभव यांत अंतर जवळजवळ उरत नाही. तेथेही ‘कुड’ योग्य ठरते.

मराठीत हे कार्य काळाच्या व अवस्थेच्या रूपांनी होते. ‘तो झाडावर चढू शकत असे’ हे वाक्य केवळ क्षमता सांगते. ‘तो झाडावर चढू शकला’ या वाक्यात चढणे प्रत्यक्ष घडलेले असते. राजेश भट्ट यांनी १९९९ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात ग्रीक व हिंदीच्या आधारे सामर्थ्यवाचकांच्या पूर्ण रूपांतून निघणाऱ्या या प्रत्यक्षसिद्धीचे विवेचन केले आहे. मराठी विद्यार्थी ‘शकला’ या रूपासाठी सरसकट ‘कुड’ योजतो, तेव्हा त्याच्या वाक्यातून घडलेली घटनाच निसटते. हा दोष शब्दसंग्रहाचा नव्हे. जो भेद मराठी क्रियापदाच्या रूपात व्यक्त करते, तो इंग्रजीने ऐतिहासिक कारणांमुळे दोन भिन्न रचनांत वाटून दिला आहे. अध्यापनात प्रथम हा भेद दाखविणे अगत्याचे आहे.