पगारी शैक्षणिक रजा आणि स्त्री कामगार : इटलीतील ‘दीडशे तासां’चा अनुभव

कामगारास शिक्षणासाठी पगारी रजा मिळावी व ती लिंगभेदावरून नाकारली जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ च्या १४० क्रमांकाच्या करारात नमूद केले. भारताने या करारास मान्यता दिलेली नाही. परंतु कागदावर समान असलेला हक्क स्त्रियांच्या वाट्याला प्रत्यक्षात कितपत येतो, हा प्रश्न मान्यतेने सुटतोच असे नाही. त्या दृष्टीने इटलीचे उदाहरण उद्बोधक आहे.

एप्रिल १९७३ मध्ये तेथील धातुउद्योगातील कामगार संघटनांनी मालकांशी सामूहिक करार केला. त्यानुसार कामगारास तीन वर्षांत १५० तासांची पगारी रजा अभ्यासासाठी मिळू लागली. रजेचा उपयोग कारखान्याच्या गरजेपुरत्या प्रशिक्षणासाठी व्हावा, ही मालकांची अपेक्षा होती. संघटनांनी ती मान्य केली नाही. सक्तीची एकत्रित माध्यमिक शाळा इटलीत १९६२ च्या कायद्याने आली. त्यापूर्वीच्या पिढीतील असंख्य कामगारांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबले होते. साहजिकच ही रजा प्रामुख्याने माध्यमिक प्रमाणपत्राच्या वर्गांसाठी वापरली गेली.

करारातील एक अट मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. अभ्यासक्रम रजेच्या किमान दुप्पट, म्हणजे ३०० तासांचा असावा व उरलेले तास कामगाराने स्वतःच्या वेळातून द्यावेत, असे ठरले होते. पाळी संपल्यावर पुरुषाजवळ असा ‘स्वतःचा वेळ’ काही प्रमाणात उरत असे. स्त्री कामगाराची मात्र स्वयंपाक, मुले व वृद्ध यांची दुसरी पाळी तेव्हाच सुरू होई. अट दोघांना सारखीच होती. तिची किंमत सारखी नव्हती. शिवाय एका वेळी २ टक्क्यांहून अधिक कामगारांनी रजेवर जाऊ नये, अशी मर्यादा होती आणि त्यात स्त्रियांसाठी वेगळा वाटा नव्हता. (अध्यापक विकास योजनेखाली पगारी रजा घेऊन एम.फिल., पीएच.डी. केलेल्या आपल्या सहकारी प्राध्यापिकांना घरच्या वेळेचा हा हिशेब अपरिचित नसावा.)

तरीही स्त्रियांनी या हक्काला अनपेक्षित वळण दिले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तुरीन, मिलान येथे स्त्रियांचे स्वतंत्र वर्ग सुरू झाले. आरोग्य, कुटुंब, घरकाम हे अभ्यासाचे विषय बनले. मिलानच्या आफोरी भागात लेआ मेलान्द्री यांच्या वर्गात गृहिणी येऊ लागल्या. वास्तविक गृहिणीला रजा देणार कोण? तिला मालक नाही, वेतन नाही, म्हणून १५० तासही नाहीत. तरी वर्ग सरकारी शाळेत भरत असल्याने दार खुले होते. करार ज्यांच्यासाठी झालाच नव्हता, त्यांनीही त्याचा लाभ घेतला, ही बाब प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाची वाटते.

नोकरीतील बढतीबाबत चित्र इतके आशादायक नाही. १९७३ च्याच कराराने कामगार व कारकून यांना एका श्रेणीरचनेत आणले. परंतु माध्यमिक प्रमाणपत्र हाती आले म्हणजे वरची श्रेणी आपोआप मिळेल, अशी तरतूद नव्हती. खालच्या श्रेणीतील स्त्री वर्गातून परतली की पुन्हा त्याच यंत्रापाशी उभी राही.