शाळाबंदीकडून शुश्रूषेकडे : न्यूयॉर्क, १९०२

संसर्गजन्य विकार झालेल्या बालकास शाळेतून घरी पाठविण्याचा नियम इतर मुलांच्या रक्षणासाठी असतो; परंतु त्या बालकाच्या परतीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून डॉक्टर शाळांतील मुले तपासत. खुपऱ्या, नायटा वा उवा आढळताच मूल घरी जाई. गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत मात्र उपचार क्वचितच होत. १९०२ मध्ये लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने परिचारिका लीना रॉजर्स यांची चार शाळांवर नेमणूक झाली. त्यांनी किरकोळ विकारांवर शाळेतच उपचार केले व घरोघरी मातांना शुश्रूषा शिकविली. महिन्याभरातच शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले वगळली गेली होती. सप्टेंबर १९०३ मध्ये १,१०१. तात्पर्य, उपचाराची जोड नसलेला बंदीचा नियम रोगाऐवजी बालकाचे शिक्षणच थांबवितो.