फोर्ट मायर्सचे विजेतेपद: ली डक-ही आणि कोरियातील महिला टेनिस

दक्षिण कोरियातील महिला टेनिसचा इतिहास एका विसंगतीभोवती फिरतो. ज्या काळात तेथील सामान्य नागरिकाला परदेशप्रवासासाठी पारपत्र मिळणेही दुरापास्त होते, त्या काळात ली डक-ही यांनी जागतिक क्रमवारीत ३४वे स्थान मिळवले आणि व्यावसायिक स्पर्धेत एकेरीचे विजेतेपदही जिंकले. त्यानंतरच्या चार दशकांत पारपत्रे सुलभ झाली, प्रायोजकांचा पैसा आला, ऑलिंपिकच्या निमित्ताने उत्तम मैदाने उभी राहिली. तरीही एकाही कोरियन महिलेला एकेरीत त्या स्थानापर्यंत किंवा तशा विजेतेपदापर्यंत पोहोचता आलेले नाही. या विसंगतीचे उत्तर केवळ गुणवत्तेच्या चढउतारात शोधणे अपुरे आहे. ते त्या देशाने खेळाडूंना सांभाळण्यासाठी जी व्यवस्था घडवली, तिच्या स्वरूपात अधिक सापडते.

कोरियन स्त्रियांच्या हाती रॅकेट प्रथम आली ती टेनिसची नव्हे, तर ‘जॉन्गू’ची. जॉन्गू म्हणजे लोकरी आवरणाच्या चेंडूऐवजी मऊ रबरी चेंडूने खेळला जाणारा टेनिसचा प्रकार. आयात केलेले चेंडू महाग पडत असल्याने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये रूढ झाला आणि पुढे कोरियातही रुजला. जपानी राजवटीच्या काळात, १९२३ साली, ‘डाँग-आ इल्बो’ या वृत्तपत्राने मुलींसाठी जॉन्गूची अखिल कोरियन स्पर्धा सुरू केली आणि शाळकरी मुलींनी स्पर्धेत खेळण्याला त्यातून प्रतिष्ठा मिळाली. स्वातंत्र्यानंतर प्रचलित टेनिसचा प्रसार झाला तरी त्याचा पाया शालेय संघांचाच राहिला. शाळेत खेळात चमकलेल्या मुलीला बँक, महामंडळ, नगरपालिका किंवा एखादी कंपनी आपल्या संघात घेई, तिला पगार देई आणि त्या बदल्यात देशांतर्गत स्पर्धांत तिने संघाचे नाव राखावे, अशी अपेक्षा ठेवी. मध्यमवर्गीय घरातील मुलीच्या दृष्टीने ही सोय लहानसहान नव्हती, कारण त्या काळी टेनिस खेळून पोट भरण्याचा दुसरा मार्ग कोरियात अस्तित्वातच नव्हता.

१९५३ मध्ये, म्हणजे कोरियन युद्धाला विराम मिळाला त्याच वर्षी, जन्मलेल्या ली याच काळातील खेळाडू होत. १९७८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि देशांतर्गत व्यवस्थेच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द सुफळ संपूर्ण झाली होती. राष्ट्राची प्रतिष्ठा पदकांनी मोजणाऱ्या तत्कालीन राजवटीला यापेक्षा अधिक काही हवे होते असे दिसत नाही. ली यांनी मात्र त्यानंतर व्यावसायिक टेनिसचा मार्ग धरला आणि त्यासाठी अमेरिका गाठली.

हा मार्गही तेव्हा नवाच होता. १९७० साली ह्यूस्टन येथे बिली जीन किंग यांच्यासह नऊ महिला खेळाडूंनी नाममात्र एका डॉलरचे करार करून पुरुषांपासून स्वतंत्र स्पर्धामालिकेची वाट मोकळी केली, १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना स्थापन झाली आणि १९७५ पासून संगणकीय क्रमवारी सुरू झाली. या क्रमवारीचे तत्त्व साधे असले तरी दूरच्या देशांतील खेळाडूंना ते जाचक होते. गुण मिळवायचे तर सतत स्पर्धा खेळाव्या लागत, स्पर्धा बहुतांशी अमेरिकेत व युरोपात भरत, आणि क्रमवारीत पुरेसे वर नाव नसेल तर मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्या जिंकूनच आत शिरता येई. सेऊलमध्ये राहून, वर्षाकाठी दोन-तीन दौरे करून हे गणित जमणे शक्यच नव्हते. त्यातच १९८९ पर्यंत कोरियन नागरिकांच्या परदेशप्रवासावर कडक निर्बंध होते आणि परकीय चलनही मोजून मिळे. एखाद्या कोरियन मुलीने सोळाव्या-सतराव्या वर्षी या चक्रात उतरावे, ही गोष्ट तेव्हा कायद्याच्या आणि पैशाच्या दोन्ही बाजूंनी जवळपास अशक्य होती. ली यांचे व्यावसायिक जीवन सत्ताविशीच्या आसपास सुरू झाले ते यामुळेच, आणि त्यांच्या यशाचे मोल ठरवताना हे वय विसरून चालत नाही. त्या सुमारास ट्रेसी ऑस्टिन यांनी अमेरिकन ओपन पहिल्यांदा जिंकली होती, ती सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधी.

१९८१ च्या अमेरिकन ओपनमध्ये ली चौथ्या फेरीत, म्हणजे अखेरच्या सोळा खेळाडूंत, पोहोचल्या. ग्रँड स्लॅम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार प्रमुख स्पर्धांपैकी कोणत्याही स्पर्धेत इतकी मजल मारणारा त्यांच्याआधी कोणीही कोरियन, स्त्री वा पुरुष, नव्हता. ली ह्युंग-ताएक यांनी २००० साली याच स्पर्धेत या कामगिरीची बरोबरी केली आणि चुंग ह्यॉन यांनी २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी गाठून ती मागे टाकली. महिला एकेरीत ती अद्याप अबाधित आहे. १९८२ च्या आरंभी ली यांनी फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे विजेतेपद मिळवले. टूरच्या पातळीवर कोरियन खेळाडूने जिंकलेले हे एकेरीचे पहिले विजेतेपद होते, आणि दुसऱ्यासाठी देशाला २००३ च्या सिडनीतील ली ह्युंग-ताएक यांच्या विजयापर्यंत थांबावे लागले.

या विजयाचा मायदेशी गाजावाजा झाला नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कोरियात रंगीत दूरचित्रवाणीचे प्रसारण सुरू होऊन जेमतेम वर्ष लोटले होते, फ्लोरिडातील सामना घरोघरी दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये व्यावसायिक बेसबॉल सुरू होताच क्रीडापानांचा व सरकारचाही ओढा तिकडे गेला. सोळा वर्षांनी, आर्थिक संकटाने देश हवालदिल झाला असताना, पाक से-री यांनी अमेरिकेत महिलांची खुली गोल्फ स्पर्धा जिंकली ती कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर, आणि त्यांना पाहून गोल्फकडे वळलेल्या मुलींची एक पिढीच उभी राहिली. ली यांना अशी पिढी लाभली नाही. अनुकरण करण्यासाठी आधी पाहावे लागते, आणि ली यांना खेळताना पाहिलेले कोरियन फारच थोडे होते.

पुढच्या पिढीचा मार्ग वेगळा झाला. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये टेनिस १९२४ नंतर प्रथमच पदकांचा खेळ म्हणून परतले आणि राजधानीला आधुनिक टेनिस केंद्र मिळाले, पण शालेय मैदाने बहुतांशी भुरभुरीत मातीची अथवा वाळू पसरलेल्या कृत्रिम गवताची राहिली, आणि या संथ पृष्ठभागांवर घडलेल्या खेळाला परदेशातील वेगवान कोर्टांवर जुळवून घ्यावे लागे. जॉन मी-रा १९९४ मध्ये विम्बल्डनच्या कनिष्ठ मुलींच्या अंतिम सामन्यात पोहोचल्या आणि तेरा वर्षांच्या मार्टिना हिंगिसकडून हरल्या. त्यानंतरच्या काही वर्षांतच हिंगिस जगात पहिल्या झाल्या, तर जॉन यांना तशी झेप घेता आली नाही. पार्क सुंग-ही १९९५ मध्ये ५७व्या स्थानापर्यंत गेल्या. सॅमसंगसारख्या समूहाने आपल्या संघातील खेळाडूंना परदेशी दौऱ्यांवर धाडण्यास सुरुवात केल्यावर चो युन-जॉन्ग यांनी २००३ मध्ये ४५वे स्थान गाठले. त्या २००३ मध्ये ऑकलंडच्या आणि २००६ मध्ये कॅनबेराच्या अंतिम सामन्यात खेळल्या, पण दोन्ही वेळा उपविजेत्या ठरल्या. २००४ मध्ये सेऊलला प्रथमच भरलेल्या कोरिया ओपनमध्ये चो आणि जॉन यांनी दुहेरीचे विजेतेपद मात्र जिंकले.

येथे कंपनी-संघांच्या व्यवस्थेला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल, कारण तिच्याविना यांपैकी बहुतेक नावे घडलीच नसती. तरीही पगार देणारा संघ आणि राष्ट्रीय संघ यांच्या वेळापत्रकात बांधलेली खेळाडू जगभर गुणांमागे धावू शकत नसे, आणि मोठ्या कंपनीचा आधार गेला की सारेच कोलमडे. सॅमसंगचा टेनिस संघ २०१५ मध्ये बरखास्त झाला तेव्हा याचा प्रत्यय आला. निवृत्तीचा प्रश्नही याच रचनेतून निर्माण होतो. बालपणापासून संघाच्या छत्राखाली वाढलेल्या, शिक्षण दुय्यम ठेवलेल्या खेळाडूला खेळ सुटल्यावर काय उरते, हा विषय पार्क सुंग-ही यांनी स्वतः निवृत्तीनंतर अभ्यासाला घेतला; ब्रिटनमध्ये क्रीडा-मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन त्यांनी कोरियातील अव्वल टेनिसपटूंच्या निवृत्तीच्या प्रक्रियेवर संशोधन केले.

ली डक-ही यांचे नाव आज गांगवॉन प्रांतातील चुन्चॉन शहरी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेला आहे. कनिष्ठ गटाच्या जागतिक क्रमवारीचे गुण देणारी ही स्पर्धा देशातच होत असल्याने कोरियन मुलामुलींना पहिले गुण मिळवण्यासाठी परदेशी जावे लागत नाही.