सुंदरची साखळी

२००७ मध्ये कोल्हापूरच्या जोतिबा देवस्थानाला सुंदर नावाचा हत्ती अर्पण करण्यात आला. पुढे वारणानगरच्या शेडमध्ये तो साखळदंडांनी जखडलेलाच राहिला. (देवाला वाहिलेल्याची ही बडदास्त!) २०१२ मध्ये शासनाने सुटकेचा आदेश काढला; तो अमलात यायला मात्र उच्च आणि सर्वोच्च अशा दोन्ही न्यायालयांचे निकाल लागले. जून २०१४ मध्ये सुंदर ट्रकमधून बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाला पोहोचला.

तरीही स्थलांतर म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. मत्स्यालयातला केइको हा व्हेल १९९८ मध्ये विमानाने आइसलँडच्या क्लेट्सविक खाडीत आणला गेला. २००२ मध्ये तो समुद्र ओलांडून नॉर्वेला गेला, पण तिथेही माणसांचीच सोबत शोधत राहिला. २००३ मध्ये तिथेच मरण पावला.

सुंदरला निदान स्वजातीयांचा कळप तरी लाभला.